तुमचा सगळ्यात मोठा खेळाडू सुरुवातीला उतरवायचा की मागून?

या आठवड्याचा व्हिडिओ स्टाफच्या ड्युटीवर होता. तो बारा मिनिटांचा झाला आणि त्यात एक गोष्ट राहिली. राहिली म्हणजे मीच गाळली, कारण चूक माझी होती आणि कॅमेऱ्यासमोर ती सांगायला जीभ वळेना. लिहिताना तेवढं जड जात नाही, म्हणून इथे सांगतो.

आमचं दुकान कोपरीत, ठाणे स्टेशनच्या पूर्वेला. इलेक्ट्रिकल आणि हार्डवेअर. वडिलांनी सुरू केलं. मी बीबीए करून गल्ल्यावर बसलो आणि पहिली काही वर्षं स्वतःला फार हुशार समजत होतो. दुकानात वडिलांच्या वेळचे एक काका आहेत. वय साठीच्या पुढे, उंची जवळजवळ सहा फूट, माळ्यावरचा पंख्याचा खोका शिडी न घेता खाली काढतात. गिऱ्हाईक नुसतं "तसला तो गोल काळा" म्हणालं तरी काका बरोबर तोच होल्डर समोर ठेवतात. कोणत्या जुन्या बिल्डिंगमध्ये कसली वायरिंग आहे, कोणता वायरमन उधारी वेळेवर देतो, कोणाच्या घरात सासू ठरवते आणि कोणाच्या घरात सून, हे सगळं त्यांच्या डोक्यात. आमच्या टीमचा 'बिग मॅन' म्हणजे तेच.

सकाळी साडेआठला शटर वर करायचं, देवाला उदबत्ती लावायची आणि भवानी करायची, ही तिन्ही कामं काकांची. मी शाळेत होतो तेव्हापासून त्यांचीच.

मार्च २०२३ मध्ये मी बिलिंग सॉफ्टवेअरमधून तासाप्रमाणे रिपोर्ट काढला. हे मी ट्रेनिंगमध्ये सगळ्यांना करायला सांगतो, तुम्हीही करा. आमच्याकडे चित्र स्पष्ट होतं. सकाळी साडेआठ ते साडेदहा बिलं भरपूर, पण रक्कम बारीक. वायरमन, प्लंबर येतात, त्यांना काय हवं ते पाठ असतं, सेल्समनची गरज नसते. संध्याकाळी साडेपाच ते नऊ बिलं कमी, पण मोठी. लोकलमधून उतरून घरी जाता जाता नवरा-बायको येतात, पंखा बघतात, गिझर बघतात, मॉड्युलर स्विचचे रंग बघतात. तिथे बोलणारा माणूस लागतो. आणि त्या वेळेला काका दमलेले असायचे. सकाळपासून उभे, पाय सुजलेले, सातला घरी. म्हणजे माझा सगळ्यात भारी माणूस कमी कमाईच्या तासांना मैदानावर आणि खऱ्या कमाईच्या तासांना घरी!

आता इथे माझं बास्केटबॉलचं वेड मध्ये आलं. कॉलेजच्या टीममध्ये मी होतो, पण बारा जणांतला बारावा. बाकावर बसून सामने बघण्याचा अनुभव माझ्याइतका कोणाला नसेल. त्यामुळे कोण सुरुवातीला उतरतो, कोण मागून येतो आणि का, हा माझा आवडीचा विषय.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदानावर पाच जण. त्यातला सगळ्यात उंच तो सेंटर, बोलीभाषेत बिग मॅन. बास्केटखाली उभा राहून समोरच्यांचे फटके अडवायचे, परत आलेला बॉल पकडायचा, ही त्याची कामं. सामना सुरू होताना पंच बॉल वर उडवतो, तेव्हा उडी मारायला बहुतेक वेळा हाच जातो. म्हणजे भवानी त्याच्याच हातची. पण त्याचे प्रॉब्लेमही आहेत. एनबीएत सहा फाउल झाले की खेळाडू बाहेर, आणि बास्केटखाली धक्काबुक्की जास्त असल्यामुळे बिग मॅनचे फाउल लवकर भरतात. शरीर जड, त्यामुळे तो दमतोही लवकर. समोरची टीम चपळ असेल तर तो मागे राहतो. म्हणून प्रश्न येतो, ४८ मिनिटांच्या सामन्यात याला पहिल्या मिनिटापासून उभा करायचा की बाकावर ठेवून मागून आणायचा? खो-खो खेळलेल्यांना हे नवीन नाही. बचावाला तिघांची तुकडी उतरते, तेव्हा सगळ्यात चिवट पोरगा पहिल्या तुकडीत घालायचा की मागच्या, यावरून किती भांडणं झालीत ते आठवा.

माझ्या डोक्यात बसलेलं उदाहरण २०१५ च्या एनबीए फायनलचं. गोल्डन स्टेट वॉरियर्स विरुद्ध क्लीव्हलंड कॅव्हलियर्स. वॉरियर्स १-२ ने मागे. त्यांचा सेंटर अँड्र्यू बोगट, सात फुटी ऑस्ट्रेलियन, सुरुवातीच्या पाचांत ठरलेला. चौथ्या सामन्यात कोच स्टीव्ह कर यांनी त्यालाच बाकावर बसवलं आणि त्याच्या जागी आंद्रे इग्वोडाला, सहा फूट सहा इंचांचा, सुरुवातीला उतरवला. म्हणजे सगळी टीम बुटकी पण पळणारी. ही कल्पना कोणाची? निक युरेन नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या सहाय्यकाची, जो रात्री जुने व्हिडिओ बघत बसला होता. पहिले सात गुण क्लीव्हलंडने घेतले, म्हणजे सुरुवातीला निर्णय फसलाच असं वाटलं. शेवटी वॉरियर्स १०३-८२ ने जिंकले, पुढचे दोन सामनेही घेतले आणि मालिका ४-२. बोगट त्या चौथ्या सामन्यात जेमतेम तीन मिनिटं खेळला. फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला इग्वोडाला, ज्यानं त्या सीझनच्या साखळीत एकही सामना पहिल्या पाचांत सुरू केला नव्हता.

मला वाटलं, झालं, आपणही हेच करू. सकाळी चपळ पोरगा, संध्याकाळी बिग मॅन. एका रविवारी रात्री मी दुकानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नवं टाइमटेबल टाकलं. पोरगा सकाळी साडेआठ. काका दुपारी तीन ते रात्री साडेनऊ. खाली एक अंगठा पण टाकला.

सोमवारी काका बरोबर तीनला आले. काही बोलले नाहीत. स्टुलावर बसले. गिऱ्हाईक आलं की उठायचे, मागितलेलं द्यायचे, परत बसायचे. "याच्याबरोबर हे पण लागेल ताई" हे वाक्य बंद. मला ते एरवी "बाळा" म्हणतात, गिऱ्हाइकासमोर सुद्धा, ज्याचा मला राग यायचा. त्या आठवड्यात ते मला "शेठ" म्हणायला लागले. मग कळलं, राग कशाला म्हणतात. दोन आठवड्यांनी वडिलांनी सांगितलं की काकांना दुसऱ्या एका दुकानातून बोलावणं आलंय आणि ते विचार करतायत.

मी बास्केटबॉलमधली अर्धीच गोष्ट उचलली होती. इग्वोडालाचं बघा. २०१४ पर्यंत एनबीएत तो ७५८ सामने खेळला होता आणि प्रत्येक, अगदी प्रत्येक सामना त्यानं पहिल्या पाचांत सुरू केला होता. कर नवीन कोच म्हणून आले आणि त्यांनी त्याला सांगितलं, आता तू मागून येशील. अशा माणसाला काय वाटलं असेल! तरी तो वर्षभर तसा खेळला, आणि वर्षाच्या शेवटी त्याच कोचने सगळ्यात मोठ्या सामन्यात त्याला पुढे केलं. आणि आधीच्या काळातलं बघायचं तर बोस्टन सेल्टिक्सचा केव्हिन मॅकहेल. सहा फूट दहा इंच, खरा बिग मॅन. तो बाकावरून यायचा, पण दुय्यम म्हणून नाही. त्यांच्याकडे ही जुनी पद्धतच होती, रेड ऑरबाख यांनी पाडलेली. समोरचे पहिले पाच दमले की ताज्या दमाचा भारी माणूस सोडायचा. मॅकहेलला १९८४ आणि १९८५ असं दोनदा सर्वोत्तम सहाव्या खेळाडूचं बक्षीस मिळालं. त्याच टीममध्ये १९८६ मध्ये ते बक्षीस बिल वॉल्टनला मिळालं. हा वॉल्टन १९७८ मध्ये अख्ख्या एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू होता. एवढा मोठा माणूस बाकावरून यायला कसा तयार झाला? कारण तिथे सहावा माणूस ही मानाची जागा होती. सगळ्यांना माहीत होतं की सामना अडला की हाच उतरणार.

माझ्या दुकानात तीन वाजताची ड्युटी ही मानाची जागा आहे, हे मी कोणाला सांगितलं होतं? कोणालाच नाही. काकांनाही नाही.

मग एप्रिलमध्ये एका दुपारी त्यांच्या घरी गेलो. चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला राहतात, दुकानापासून चालत. मोबाइलवर रिपोर्ट काढून घेतला होता. बोगट आणि इग्वोडाला काकांना सांगून उपयोग नव्हता. त्यांना क्रिकेट कळतं, आणि आयपीएल चालू होती. टीव्हीवर कुठल्यातरी सामन्याची झलक चालली होती आणि विषय चेन्नईचा निघाला.

इथे जरा थांबतो, कारण हे आपल्या भागातलं आहे आणि मला वाटतं आपण ते पुरेसं सांगत नाही. २०२३ पासून आयपीएलमध्ये 'इम्पॅक्ट प्लेयर' आला. अकरांच्या यादीबरोबर पाच राखीव नावं द्यायची आणि सामना चालू असताना त्यातला एक आत आणायचा. जो बाहेर गेला तो गेला, परत येत नाही. हा बास्केटबॉलपेक्षा मोठा फरक. तिथे बाकावर जाऊन परत कितीही वेळा येता येतं. तर आयपीएलच्या इतिहासातला पहिला इम्पॅक्ट प्लेयर कोण? कल्याणचा तुषार देशपांडे. ३१ मार्च २०२३, अहमदाबाद, गुजरात टायटन्सविरुद्ध. चेन्नईची बॅटिंग झाल्यावर अंबाती रायुडूच्या जागी तो बॉलिंगला आला. इतिहासात नाव गेलं, पण त्या दिवशी हाल झाले. ३.२ ओव्हरमध्ये ५१ रन. शुभमन गिलची विकेट मिळाली, पण शेवटची ओव्हर त्याच्याकडे आली आणि दोन बॉलमध्ये सामना संपला. पुढच्या सामन्यात चेन्नईच्या बॉलर्सनी इतके वाइड आणि नो-बॉल टाकले की धोनी जाहीरपणे म्हणाला, असंच चाललं तर तुम्हाला दुसऱ्या कॅप्टनच्या हाताखाली खेळावं लागेल.

आणि त्याच टीममध्ये, त्याच दिवसांत, बाकावर बसला होता अजिंक्य रहाणे. डोंबिवलीत वाढलेला. किटबॅग घेऊन डोंबिवलीहून लोकलने मुंबईला सरावाला जाणारा. भारताचा कॅप्टन राहिलेला माणूस, आणि चेन्नईने त्याला घेतलं होतं ५० लाखांच्या मूळ किमतीत. पहिले दोन सामने तो खेळलाच नाही. ८ एप्रिलला वानखेडेवर मोईन अलीला बरं नव्हतं, म्हणून टॉसच्या थोडं आधी रहाणेला कळलं की आज तू. २७ बॉलमध्ये ६१. समोर मुंबई इंडियन्स.

काका म्हणाले, "बघितलंस? रहाणेला निदान टॉसच्या आधी तोंडावर तरी सांगितलं. मला तू मोबाइलवर कळवलंस."

यावर मी काय बोलणार. चहा आला. मी रिपोर्ट दाखवला, सकाळचे आकडे, संध्याकाळचे आकडे. काकांनी चष्मा लावून नीट बघितला. मग एका बिलावर बोट ठेवलं. सकाळचं बिल, स्क्रू आणि दोन इन्सुलेशन टेप. "हा कोण आहे माहितीय? हा वायरमन बारा बंगल्याकडची कामं घेतो. गिझर कुठून घ्यायचा हे घरमालक त्यालाच विचारतो. संध्याकाळी जे मोठं बिल तुला दिसतं ना, त्यातलं निम्मं सकाळी स्क्रू देताना ठरलेलं असतं. तुझ्या मशीनमध्ये ते येत नाही."

मित्रांनो, मी ट्रेनर आहे. पीक अवर अॅनालिसिस शिकवतो, त्याचे पैसे घेतो. आणि सकाळचं गिऱ्हाईक संध्याकाळचं गिऱ्हाईक पाठवतं, हे माझ्या रिपोर्टच्या कुठल्याच कॉलममध्ये नव्हतं. ज्या दोन तासांना मी कमी कमाईचे म्हणत होतो, तिथे काका नुसते स्क्रू देत नव्हते. ते उद्याची गिऱ्हाइकं बांधत होते. बास्केटबॉलमध्येही हेच मोजायला सगळ्यात अवघड जातं. बिग मॅन बास्केटखाली नुसता उभा आहे म्हणून समोरच्यांनी आत घुसायचं टाळलं, तर त्याच्या नावावर एक गुणही लागत नाही.

पण मग माझा निर्णय पूर्ण चुकीचा होता का? मला अजूनही तसं वाटत नाही. दमलेला माणूस बारा तास उभा करणं हाही मूर्खपणाच होता, आणि संध्याकाळी आमच्या हातून गिऱ्हाईक सुटत होतं ते मी डोळ्यांनी बघत होतो. चूक वेळ बदलण्यात नव्हती. त्यांना न विचारता बदलली, आणि शटर-उदबत्ती-भवानी ही त्यांच्या लेखी दहा मिनिटांची कामं नाहीत हे मला कळलं नाही, तिथे चुकलो. एनबीएत पहिल्या पाचांची नावं दिवे घालवून, एकेक करून पुकारतात. आमच्या रस्त्यावर सकाळी शटर उघडणारा माणूस बघून समोरचा चहावाला "आले काका" म्हणतो, ते तसंच आहे.

शेवटी काकांनीच सुचवलं. साडेआठला यायचं, शटर, भवानी, वायरमन लोक आटपायचे. साडेदहाला घरी. जेवण, झोप. साडेपाचला परत, साडेआठपर्यंत. म्हणजे सुरुवातही त्यांची आणि शेवटही त्यांचा, मधला वेळ बाकी लोकांचा. पगार तोच. मी तास मोजून कमी करणार होतो की काय, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, पण वडिलांनी मला विचारला. ज्यांच्या मनात तो विचार येतो त्यांना एवढंच सांगेन, चेन्नईने रहाणेला बाकावर बसवलं म्हणून त्याचे पैसे कापले नव्हते. सगळ्यांना हे जमणार नाही, हेही खरं. काका चालत येतात म्हणून जमलं. टिटवाळ्याहून लोकलने येणाऱ्या माणसाला दिवसातून दोनदा बोलवाल तर तो आठवड्यात नोकरी सोडेल.

राहिला तो पोरगा, ज्याला मी सकाळी पुढे केलं होतं. त्या दोन आठवड्यांत त्याने एक भयंकर चूक केली. एका वायरमनने हेल्परला पाठवलं, गिझरच्या लाइनची वायर हवी म्हणून. पोराने लाइट-पंख्याला वापरतात ती १ स्क्वेअर एमएमची बारीक वायर कापून दिली. वायरमनने बघितलं म्हणून वाचलो. नाहीतर लोड आल्यावर वायर तापून भिंतीच्या आत काय झालं असतं ते मला आजही नको वाटतं. तो दुकानात येऊन सगळ्यांसमोर ओरडला आणि ते बरोबरच होतं. मी पोराला काउंटरवरून काढून गोडाऊनला टाकणार होतो.

काका म्हणाले, "तुषारला काढला का धोनीने?"

नव्हता काढला. त्या सीझनला तुषार चेन्नईसाठी १६ सामने खेळला आणि २१ विकेट घेतल्या, टीममध्ये सगळ्यात जास्त. रन भरपूर दिले, हेही सांगायला हवं. फायनलला त्याच अहमदाबादला, त्याच गुजरातविरुद्ध ४ ओव्हरमध्ये ५६ दिले, आणि चेन्नई तरीही चॅम्पियन झाली. पुढच्या वर्षी तो सुरुवातीचा बॉलर म्हणून नव्या बॉलने टाकत होता, हैदराबादविरुद्ध २७ रनमध्ये ४ विकेट. जुलै २०२४ मध्ये हरारेला भारताकडून टी-२० खेळला. २०२२ ला २० लाखांत घेतलेला हा बॉलर, राजस्थानने २०२५ च्या सीझनसाठी साडेसहा कोटी मोजले. मध्ये फेब्रुवारी २०२४ ला रणजीच्या क्वार्टर फायनलमध्ये बडोद्याविरुद्ध तो अकराव्या नंबरला बॅटिंगला आला आणि १२३ केले, दहाव्या नंबरच्या तनुष कोटियनने नाबाद १२०. दहावा आणि अकरावा दोघांनीही शतक करण्याची फर्स्ट क्लास क्रिकेटमधली ही दुसरीच वेळ. पहिली १९४६ ची, ओव्हलवर सरेविरुद्ध, चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी. सगळ्यात शेवटी उतरणारे ते, आणि नाव राहिलं त्यांचंच. विषयाला थोडं सोडून झालं, पण मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आणि रहाणे? त्या सीझनला ३२६ रन, १७२ च्या स्ट्राइक रेटने. मग कसोटी टीममध्ये परत, जूनमध्ये वर्ल्ड टेस्ट चॅम्पियनशिपच्या फायनलला ८९ आणि ४६.

पोरगा काउंटरवरच राहिला. काकांनी वायरच्या प्रत्येक बंडलवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, लाइट-पंखा, पॉवर पॉइंट, गिझर-एसी, आणि त्याच्याकडून रोज सकाळी वायरमन लोकांसमोर पाठ म्हणून घेतलं. वायरमन हसायचे. महिनाभराने तेच त्याला नावाने हाक मारायला लागले. आता सकाळी काकांच्या शेजारी तो उभा असतो आणि कोणत्या वायरमनकडे कुठलं काम चालू आहे हे तोही सांगतो. ती यादी आम्ही आता वहीत लिहितो. सॉफ्टवेअरमध्ये अजून जागा सापडलेली नाही.

दिवाळीनंतर काकांचा गुडघा जास्त दुखायला लागला. एका सकाळी आठ वाजता पोराचा मला फोन आला, आवाज घाबरलेला. "दादा, काकांनी काल रात्री किल्ली माझ्याकडे दिली. म्हणाले उद्यापासून शटर तू उघड, मी संध्याकाळी येतो. उघडू का?"

मी काकांना फोन लावला. म्हणाले, "बाळा, उघडू दे त्याला. उदबत्ती कुठल्या खणात आहे ते फक्त सांग, मी सांगायला विसरलो."